रिकाम्या हॉलमधली 'एजा'

कार्यक्रम रात्री साडेनऊचा असला की मी चारला नाट्यगृहात पोचतो. टेम्पो खाली होतो, स्पीकर चढतात, केबली पसरतात, मिक्सर मागच्या रांगेपाशी लागतो. मग 'हॅलो, चेक' म्हणायच्या आधी मी एक रेकॉर्ड लावतो. गेली पंचवीसेक वर्षं तीच. स्टीली डॅन या अमेरिकन मंडळींची १९७७ सालची 'एजा'. आमच्या पोरांना ती आता तोंडपाठ आहे. आवडते असं मात्र त्यांच्यापैकी एकही म्हणत नाही.

यात माझं काही वेगळेपण नाही. हॉल तपासायला, नवे स्पीकर जोखायला जगभरचे साऊंडवाले हीच रेकॉर्ड लावतात. तिच्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमीही मिळालं आहे. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी बसलेलं, कुणाचा पाय कुणात नाही. त्यामुळे ती ऐकताना काही बिघडलेलं वाटलं, तर तो दोष हॉलचा असतो नाहीतर माझा.

नावाचा उच्चार 'एशिया'च्या जवळपास जातो, हे मला फार उशिरा कळलं. कॅसेटच्या कव्हरवर मित्राच्या थोरल्या भावाने देवनागरीत 'अजा' लिहिलं होतं. शाळेत संस्कृत घेतलेलं असल्यामुळे अमेरिकेतल्या बँडने शेळीवर रेकॉर्ड का काढावी, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता.

त्या कॅसेटची एक गंमत आहे. ती साठ मिनिटांची, म्हणजे एका बाजूला अर्धा तास. मूळ रेकॉर्डवर सात गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटं. पहिल्या बाजूची तीन गाणी एकवीस मिनिटांत आटोपतात. भावाने काटकसर केली आणि उरलेल्या नऊ मिनिटांत दुसऱ्या बाजूची पहिली दोन कोंबली. त्यातलं दुसरं शेवटच्या काही सेकंदांत कापलं गेलं. गाण्याचं नाव 'होम अ‍ॅट लास्ट'. घरी पोचायला दहा-पंधरा सेकंद असताना खट्ट.

तर पहिलं गाणं 'ब्लॅक काऊ'. हे एका पेयाचं नाव, रूट बिअरमध्ये आइस्क्रीम घातलेलं. गाण्यातला माणूस एका बाईला कंटाळला आहे आणि तिला ते पिऊन चालती हो म्हणतो आहे. मला मात्र त्यात चक रेनीचा बास हवा असतो. आपल्याकडच्या जुन्या नाट्यगृहांचे रंगमंच लाकडी, आतून पोकळ. त्यावर सबवूफर ठेवला की सबवूफरबरोबर रंगमंचही वाजायला लागतो. रेनीच्या सुरांतला एखादाच सूर फुगून बाहेर आला, की कुठली पट्टी खाली ओढायची ते कळतं. दोन मिनिटांत काम होतं. तरी गाणं मी बंद करत नाही, कारण पुढे व्हिक्टर फेल्डमनचा इलेक्ट्रिक पियानो आहे.

मग शीर्षकगीत. आठ मिनिटांचं. इथे मी मिक्सर सोडून चौथ्या रांगेत जाऊन बसतो.

स्टीली डॅन हा तोवर बँड उरलाच नव्हता. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर हे दोघे चाली बांधणार आणि प्रत्येक गाण्याला निवडक वादक बोलावणार, असा कारभार होता. दौरे त्यांनी १९७४ मध्येच बंद केले होते. या रेकॉर्डवर सात गाण्यांत सहा ड्रमर आहेत. 'एजा'ला स्टीव्ह गॅड आला, आणि सॅक्सोफोनला वेन शॉर्टर, माइल्स डेव्हिसकडे तावून सुलाखून निघालेला. पाचव्या मिनिटाच्या आसपास गाणारे गप्प होतात, बाकीचे वादक एकच आवर्तन धरून ठेवतात, अगदी आपला लेहरा धरतात तसं, आणि त्यावर हे दोघे सुटतात. शॉर्टर घाईत नाही. दोन सूर लावतो, थांबतो, जणू पुढचं आठवून बघतो. गॅड खालून उसळत राहतो. त्याचे टॉम डावीकडून उजवीकडे फिरतात, आणि हॉलच्या मागच्या भिंतीवरून आवाज परत येत असेल तर तो इथेच पकडला जातो. एका गावी तर प्रत्येक फटका दोनदा ऐकू येत होता. मागे सतरंज्या टांगायला लावल्या, तेव्हा कुठे एकाचा एक झाला.

या सोलोत एका ठिकाणी 'टक्' असा कोरडा आवाज आहे. काडीवर काडी लागल्याचा. ड्रम वाजवणारे तो एकमेकांना दाखवतात, चूक म्हणून. मला ही रेकॉर्ड समजली ती त्या 'टक्'मुळे.

कारण फेगन आणि बेकर या दोघांची ख्याती उलटी आहे. अति काटेकोर, अति गुळगुळीत, ऐकताना थंडी वाजते असं म्हणतात. 'पेग' गाण्यातल्या गिटारच्या छोट्याशा तुकड्यासाठी त्यांनी एकामागून एक अर्धा डझनाहून जास्त गिटारवाले बसवले आणि परत पाठवले. शेवटी जे ग्रेडनचा तुकडा ठेवला. १९९९ च्या एका माहितीपटात फेगन आणि बेकर मिक्सरसमोर बसून नाकारलेले तुकडे एकेक फेडर वर करून ऐकवतात आणि हसतात. मी तो प्रसंग कितीदा पाहिला असेल! नाकारलेल्या तुकड्यांत चूक काहीच नाही. सुरात आहेत, लयीत आहेत, फक्त त्या गाण्याचे नाहीत. ग्रेडनचा तुकडा मात्र सूर ओढत, थोडा वेडावाकडा घसरत येतो आणि चपखल बसतो. म्हणजे बिनचूक वाजवणारे परत गेले, आणि काडी आपटणारा गॅड आहे तसा राहिला. याला काटेकोरपणा म्हणायचं तर म्हणा.

एकदा एका भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे होतं. पेटीच्या भात्याची फुसफुस मी दोन रात्री बसून साफ केली. पेटीवाले बुवा ऐकायला आले, डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "छान आहे. पण ही पेटी माझी नाही." मी भाता परत घातला. त्या दोन रात्रींचे पैसे अर्थातच लावले नाहीत.

'डीकन ब्लूज'वर मी फार बोलणार नाही. उपनगरातला एक हरलेला माणूस सॅक्सोफोन शिकायची स्वप्नं बघतो, आणि त्याच्या स्वप्नातला सॅक्सोफोन पीट क्रिस्टलीब वाजवतो. टीव्हीवरच्या 'टुनाइट शो'च्या वाद्यवृंदातला हा माणूस, हे मला फार योग्य वाटतं. रेकॉर्डवरचं सगळ्यात जिव्हाळ्याचं गाणं हेच, आणि थंडीचा आरोप करणाऱ्यांनी ते ऐकलेलं नसावं.

'पेग' वरवर नाचरं आहे, पण आत साधा बारा मात्रापट्ट्यांचा ब्लूज दडवलेला. रेनीला अंगठ्याने तार आपटून वाजवू नको असं सांगितलं होतं. त्याने पाठ फिरवून, आडोशाला बसून नेमकं तेच केलं. तेही राहिलं.

मग 'होम अ‍ॅट लास्ट'. ओडिसियसची गोष्ट. जलपऱ्यांची गाणी ऐकू येऊनही तिकडे जाता येऊ नये म्हणून स्वतःला डोलकाठीला बांधून घेणारा खलाशी. ड्रमवर बर्नार्ड पर्डी, आणि त्याचा तो प्रसिद्ध शफल. एकदा लावणीच्या कार्यक्रमाआधी हे चालू असताना ढोलकीवाले मामा विंगेतून बाहेर आले. ढोलकी कमरेला बांधायची राहिली होती, दोरी हातात. गाणं संपेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "डावा हात बघ की त्याचा. नुसता पुटपुटतोय." मी थक्क झालो. पर्डीच्या शफलचं मर्म तेच आहे. मुख्य ठोक्यांच्या मधे डाव्या हाताने स्नेअरवर इतके हलके ठोके की ते धड ऐकू येत नाहीत, पण काढले तर गाणं लंगडं होतं. मामांना इंग्रजी येत नव्हतं आणि पर्डी हे नाव त्यांनी माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

आणि तो कापला गेलेला शेवट? पुढे सीडी घेतली तेव्हा सगळ्यात आधी तोच ऐकला. शेवट नाहीच तिथे. वाजवणारे वाजवतच राहतात आणि आवाज हळूहळू खाली जातो. खलाशी घरी पोचल्याचं ऐकायला मी इतकी वर्षं थांबलो होतो, आणि कुणीतरी नुसता फेडर ओढला होता.

'आय गॉट द न्यूज' मला कधी फारसं लागलं नाही. त्या वेळात मी चहा घेतो.

'जोसी' शेवटचं. सुरुवातीला काही विचित्र स्वरसंगती, आता काहीतरी गूढ घडणार असं वाटायला लावणाऱ्या, आणि लगेच जिम केल्टनरचा ताल गाण्याला सरळ रस्त्यावर आणून सोडतो. मधला गिटारचा तुकडा खुद्द बेकरचा. इतरांचे इतके तुकडे नाकारणाऱ्याने स्वतःचा ठेवला, आणि बरोबर ठेवला. बेकर २०१७ मध्ये गेला. त्या आठवड्यात माझा एक प्रयोग होता. तिथे मी रेकॉर्ड उलटी, 'जोसी'पासून लावली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

एरवी हे गाणं हॉलमध्ये पुरं होत नाही. तोवर कलाकार येतात, कुणाचा माईक लागत नाही, व्यवस्थापक घड्याळ दाखवतो. तेव्हा तुम्ही कधी नाटकाला फार लवकर आलात आणि बंद दारातून हे काहीतरी ऐकू आलं, तर दार ढकलून आत या. चौथ्या रांगेत बसा, मधोमध. फक्त मिक्सरवर चहाचा कप ठेवू नका.