झऱ्याचे पाणी, चुलीचा विस्तव

प्रेमगीत म्हटले की चंद्र-चांदणे आलेच, असे आम्ही समजत होतो. परवा रात्री कन्येने मोबाईलवर एक गाणे लावले नि आमचा समज खोटा ठरला. गाणे स्पॅनिश, आम्हाला एक अक्षर कळेना. ती कॉलेजात हौसेने ती भाषा शिकते. "पप्पा, अर्थ सांगते," म्हणून शेजारी बसली.

गाण्याचे नाव 'एरेस तू', म्हणजे 'तूच आहेस'. हुआन कार्लोस काल्देरोन यांनी रचलेले हे गीत स्पेनच्या बिल्बाओ शहरातील 'मोसेदादेस' या गायकवृंदाने ७ एप्रिल १९७३ रोजी लक्झेंबर्ग येथे युरोव्हिजन गीतस्पर्धेत गायले. मुख्य आवाज अमाया उरांगा यांचा. कोणत्याही भाषेत गाण्याची मुभा त्या वर्षी होती. काही देश इंग्रजीकडे वळले, पण स्पेनने स्पॅनिश सोडली नाही. यजमान लक्झेंबर्गला १२९ गुण मिळाले, स्पेनला १२५. पहिला क्रमांक चार गुणांनी हुकला. तरी १९७४ साली हेच गाणे, त्याच भाषेत, अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत नवव्या क्रमांकावर जाऊन पोहोचले.

पण वाचकहो, आमचे मन अडकले ते अर्थात. या गाण्यात प्रिय माणूस म्हणजे झऱ्याचे पाणी, घरच्या चुलीचा विस्तव, रोजच्या खाण्यातला गहू! पाण्याचे आणि भाकरीचे मोल आपल्यासारख्या घरांना कुणी शिकवायला नको.

आमची पत्नी तेव्हा मोरीत भांडी घासत होती. लग्नाला वीस वर्षे झाली. चाळीतल्या एका खोलीत पहाटे चारला नळावर रांग तिनेच लावली. रॉकेलच्या स्टोव्हशी तीच झगडली. आम्ही ऑफिस सुटले की सभा, मोर्चे, वर्गणी यांत गुंतलेले. रात्री घरी यावे तर ताट झाकून ठेवलेले. स्त्रियांच्या कष्टांवर आम्ही व्यासपीठावरून तास-तास बोललो. घरात मात्र त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

आम्ही उठलो, मोरीत गेलो नि उरलेली भांडी विसळू लागलो. बोलायचे बरेच होते, जमले काहीच नाही.

"अहो, आज काय झालंय तुम्हाला?" तिने विचारले.

आमच्याआधी कन्याच म्हणाली, "आई, पप्पांना गाणं कळलं."