हातचा एक

बेरजेतला हातचा ही मोठी गमतीची चीज आहे. एककाच्या घराला तो कुणाकडून मिळत नाही. पुढच्या प्रत्येक घराला मात्र उजवीकडच्या शेजाऱ्याची वाट पाहावी लागते. माझी भाची संगणकाच्या चिपांचे आराखडे करते. तिच्या 'व्हेरिलॉग' भाषेत हाच नियम पाहिला आणि मला जुना वर्गमित्र भेटल्यासारखं वाटलं.

३२ घरांची बेरीज करणारं सर्किट तिनं पाचसहा ओळींत उरकलं होतं. शून्यापासून एकतिसापर्यंत फेरा घ्या. घर पहिलं असेल तर 'हाफ अ‍ॅडर' बसवा, नाहीतर हातचा घेणारा 'फुल अ‍ॅडर'. २००१ सालच्या प्रमाणापासून ही सोय 'जनरेट' या शब्दानं होते.

"म्हणजे यंत्र दर बेरजेला बत्तीस फेरे मारतं?"

"नाही मामा! फेरा सर्किट घडण्याआधीच संपतो."

खरी मौज इथंच आहे. तयार सर्किटात ना फेरा, ना 'जर'! बत्तीस अ‍ॅडर शेजारीशेजारी उभे, एवढंच. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक, तो प्रश्न यंत्राला दर वेळी कशाला विचारायचा? (आमच्या सरकारी तक्त्यांना हे कोण सांगणार!)

पण ६४ घरं हवी असली, तर आकडा आराखड्यातच बदलायला हवा. चिप एकदा कोरली की खोडरबर चालत नाही. म्हणून ती आधी संगणकावरच लुटुपुटीच्या बेरजा घालून पाहते. परवा तिनं सगळ्या घरांत एक भरले आणि त्यात आणखी एक मिळवला. हातचा उजवीकडून निघाला, घरामागून घर ओलांडत थेट बाहेर पडला, आणि मागं राहिली बत्तीस शून्यं.