मांडवीच्या पात्रातील द्यूतसभा

पणजी, गुरुवार

सायंकाळी जुन्या सचिवालयासमोरच्या पदपथावर बराच वेळ उभा होतो. विजापूरच्या आदिलशहाचा हा वाडा पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉयांचे निवासस्थान झाला, गोवामुक्तीनंतर येथेच विधिमंडळ भरू लागले आणि २००० साली ते नदीपलीकडे पर्वरीस गेले. आता ह्या वास्तूसमोर, मांडवीच्या पात्रात, विद्युद्दीपांनी नखशिखांत मढविलेली कॅसिनोची जहाजे नांगरून पडलेली असतात. १९७६ चा जुगारविषयक कायदा ह्याच वास्तूत संमत झाला. त्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी आणि १९९६ साली जहाजांवरील खेळांसाठी मुभा देणारी दुरुस्ती झाली, तीही येथेच. तेव्हा ज्या सभागृहाने परवानगीचे दार किलकिले केले त्याच्याच खिडक्यांसमोर परवानाधारकांनी मुक्काम ठोकावा, ह्याला कृतज्ञता म्हणण्यास हरकत नसावी.

त्याच १९७६ साली आपल्या महाराष्ट्रानेही कॅसिनोंचे नियंत्रण व कर ह्यांविषयी एक कायदा केला होता. तो कधी अंमलात आलाच नाही. कित्येक सरकारे आली आणि गेली, कायदा मात्र दप्तरातच राहिला आणि अखेर २०२३ साली रद्द झाला. त्यामुळे नशीब अजमावू पाहणाऱ्या महाराष्ट्रीयाला आंबोलीचा घाट उतरावा लागतो, आणि तो उतरतोही.

शुक्रवार

ज्या स्थळाविषयी आयुष्यभर निषेधाचेच शब्द ऐकले ते एकदा डोळ्यांनी पाहावे, खेळावे मात्र नाही, असा निश्चय करून रात्री धक्क्यावर गेलो. ओळखपत्राची तपासणी झाली, वयाची खातरजमा झाली (एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहूनही कारकुनाने जन्मतारीख वाचलीच), आणि छोट्या होडीने आम्हांला जहाजावर पोहोचविले. गोव्याच्या रहिवाशाला २०२० पासून येथे खेळण्यास मज्जाव आहे. घरच्यांनी पथ्य पाळावे आणि पाहुण्याने यथेच्छ सेवन करावे, असे हे आतिथ्य.

विलासाचा, उन्मादाचा, हर्षविषादाचा कल्लोळ पाहावयास मिळेल अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात मी एका सुव्यवस्थित कचेरीत येऊन पोहोचलो. हिरव्या बनातीच्या मेजामागे उभा असलेला पोरसवदा डीलर पाळी संपताच दोन्ही तळहात उलटसुलट करून छतावरील कॅमेऱ्याला दाखवितो, आणि मगच मेज सोडतो. त्याच्यावर देखरेख करणारा एक, त्या देखरेख करणाऱ्यावर आणखी एक. रोकड देऊन रंगीत चकत्या घ्यावयाच्या, चकत्या देऊन पुन्हा रोकड; प्रत्येक देवघेव मोठ्याने उच्चारून, मांडून, मोजून. आमच्या तालुक्याच्या खजिन्यात इतकी शिस्त मी पाहिलेली नाही.

आणि खेळणारी मंडळीही त्या कचेरीतील उमेदवारांसारखीच गंभीर. सुरतेकडचे वाटणारे एक प्रौढ व्यापारी मोठाल्या रकमा हरत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. त्यांच्या शेजारी भरजरी साडीतील एक वृद्धा अंदर-बाहरच्या मेजावर एकदा अंदर आणि एकदा बाहर अशी बिनचूक पाळी लावून खेळत होती. हसू, टाळ्या, हळहळ हे सारे मागे उभ्या असलेल्या बघ्यांच्या वाट्याला. ज्याचा पैसा जात होता तो मुका, आणि ज्याचा जात नव्हता तो सल्लागार! नवविवाहित जोडप्यांपैकी वधू बहुधा मेजाकडे पाठ करून रंगमंचावरील नृत्य पाहत होत्या. वरांचे लक्ष कुठे होते ते सांगावयास नको.

रूलेटच्या चक्रावर एक ते छत्तीस आकडे, निम्मे तांबडे, निम्मे काळे, आणि एक हिरवे शून्य, अशी सदतीस घरे होती. अचूक आकडा लागल्यास पस्तीसपट मिळते. म्हणजे सर्व घरांवर एकेक रुपया ठेवणाऱ्या माणसाच्या हाती, त्याच्या मूळ रुपयासकट, छत्तीसच परत येतात. मालकाला लबाडी करण्याचे प्रयोजनच उरत नाही, कारण शेकडा पावणेतीनच्या आसपासची ही वजावट त्या शून्याने उघडपणे वसूल केलेली असते. पण मेजाशेजारी गेल्या डावांचे आकडे दाखविणारा एक फलक असतो, आणि भावी जावयाची पत्रिका पाहावी तशा चिकाटीने लोक तो वाचत होते.

“काका, सहा डाव झाले, तांबडाच येतोय,” कोल्हापूरकडचा एक तरुण मला म्हणाला. “आता काळा आल्याबिगर राहतोय काय!”

१९१३ च्या ऑगस्टात माँटे कार्लो येथे काळा रंग लागोपाठ सव्वीस वेळा आला, आणि आता तरी तांबडा येईलच ह्या खात्रीने प्रत्येक डावाला पण वाढवीत गेलेली माणसे धुळीस मिळाली, हे मी त्याला सांगितले. चेंडूला मागचे काही स्मरत नाही, असेही सांगितले. त्याने आदराने ऐकून घेतले आणि काळ्यावर चकत्या ठेवल्या. काळाच आला. त्यानंतर माझ्या गणिताला त्या मेजावर कोणी विचारले नाही.

शनिवार

सकाळी मळ्यातील एका उपाहारगृहात तोच तरुण भेटला. मध्यरात्रीनंतर काय घडले ते त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. प्रवेशशुल्कातच भोजन येत असल्यामुळे कोळंबी किती वेळा वाढून घेतली ह्याचा हिशेब मात्र त्याने तपशीलवार दिला, आणि त्या बाबतीत जहाजवाल्यांचे नुकसानच झाले असे त्याचे ठाम मत पडले. दुपारच्या गाडीने मला मंगेशीस जावयाचे होते, हे ऐकून तो खरोखरीच हिरमुसला.

“एक रात्र थांबा की काका. तुम्ही मागं उभं होता तवाच माझा काळा लागला.”