आकाशातून संकेश्वर

बेळगावनजीकच्या सांबरा विमानतळावरून मुंबईस निघणाऱ्याने कोणत्या बाजूची खिडकी मागावी? विमान साधारणतः वायव्येस जाते. त्यामुळे डावीकडे सह्याद्रीचे कडे, त्यांच्या पायथ्याशी कोकण आणि हवा स्वच्छ असल्यास समुद्राची रेघही दिसते. सकाळी सूर्य उजवीकडे असल्याने तिकडे डोळेही दिपत नाहीत. जाणते प्रवासी हीच बाजू सुचवितात, आणि सौंदर्यापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे.

संकेश्वरकराने मात्र उजवी खिडकी घ्यावी. उड्डाणानंतर थोड्याच वेळात हिडकलचा जलाशय चमकू लागतो. तेथून नजर वायव्येस न्यावी. आंबोलीस उगम पावून आजरा, गडहिंग्लजवरून आलेली हिरण्यकेशी आणि पुणे-बंगळूर महामार्ग यांच्या मेळाशी, उसाच्या मळ्यांत आपले गाव वसलेले आहे. ज्याच्या गल्लीबोळांत बालपण गेले, ते गाव सबंध असे जमिनीवरून कधीच दिसत नाही. पोटापाण्यासाठी गाव सोडणाऱ्यास तेवढी दोन-तीन मिनिटे मोलाची वाटतील.

पंखावरची जागा टाळावी; इंजिनामागची तापलेली हवा दृश्य थरथरविते, म्हणून पुढची रांग बरी. एटीआर विमानाचे पंख छताच्या पातळीवर असतात, तेथे भूमी झाकली जात नाही. आषाढ-श्रावणात खिडकीसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ, खाली नुसते ढग! आश्विन-कार्तिक उत्तम. परतीच्या प्रवासात मात्र डावी खिडकी मागावी. गाव तेव्हा त्या बाजूस येते.