एकवीस हजारांची रेघ

पगारवाढ झाली आणि त्याच वर्षी घरातल्या वृद्ध आईचे औषध बंद पडले, अशी दोन घरे माझ्या माहितीत आहेत. ऐकणाऱ्याला हे विपरीत वाटते. पण कर्मचारी राज्य विमा योजना, जिला सारे ‘ईएसआय’ म्हणतात, ती दरमहा एका ठरावीक मर्यादेपर्यंत वेतन असलेल्या कामगारासाठीच आहे. १ जानेवारी २०१७ पासून ती मर्यादा पंधरा हजारांवरून एकवीस हजार रुपये झाली. वेतन या रेघेपलीकडे गेले की चालू सहामाही संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, त्यानंतर काही महिने लाभ मिळतो आणि मग हातातले कार्ड निरुपयोगी होते. कामगाराची वर्गणी वेतनाच्या पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के. एवढ्यात त्याच्यावर, पत्नी-मुलांवर आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांवर उपचार होतात. शिवाय आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन मिळते. बाजारातला कोणताही विमा एवढ्या पैशांत एवढे देत नाही.

म्हणूनच वेतनकरार हा विषय आरोग्याच्या पाक्षिकात मला परका वाटत नाही. विमानतळावर राबणाऱ्या आमच्याकडच्या काही मुलांच्या कराराची चर्चा मी जवळून ऐकली. तिच्याविषयी लिहिते.

राहाता आणि कोपरगाव हा साखर कारखान्यांचा मुलूख. बांधीव नोकरी म्हणजे कारखाना, हे समीकरण इथे तीन पिढ्या चालले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी काकडी शिवारातले शिर्डी विमानतळ तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते सुरू झाले आणि विमानाच्या पोटात सामान भरणारी, शिडी लावणारी, ट्रॅक्टर ओढणारी माणसेही लागतात, हे गावोगाव कळले. अर्थात काकडीला जागा त्या किती असणार! मुले मुंबईला गेली. जुलै २०२४ मध्ये कालिना येथे विमानतळसेवेची भरती निघाली. सुमारे २,२०० जागांसाठी पंचवीस हजारांवर तरुण आल्याच्या बातम्या सर्वांनी वाचल्या असतील. ज्याच्या दाराबाहेर एवढी रांग उभी आहे, त्या कामगाराने व्यवस्थापनासमोर बसून ‘माझी पाठ दुखते’ असे म्हणायचे कसे, हा खरा प्रश्न होता.

त्याच वर्षीच्या दिवाळीत सात-आठ मुले माझ्या दवाखान्याच्या ओसरीवर आली. सारी मुंबईत एकाच कंपनीकडे कामाला. कंपनीचे नाव इथे घेत नाही. त्यांच्या युनियनचे मागणीपत्र तयार होत होते आणि त्यातले आरोग्याचे पान लिहून द्यावे, अशी त्यांची विनंती होती. एकाचे वडील, ज्यांना सारे अण्णा म्हणत, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. सरकार, साखर संघ आणि कामगार संघटना यांची त्रिपक्षीय समिती बसून राज्यभरच्या साखर कामगारांचे वेतन कसे ठरते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेले. ते खुर्ची न घेता पायरीवर बसले आणि पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, ‘‘पोरांनो, तुमचा मालक कोण?’’

मुले एकमेकांकडे पाहू लागली. प्रश्न साधा नव्हता. विमान एका कंपनीचे, विमानतळ दुसऱ्याचे, सामान चढवण्याचे कंत्राट तिसऱ्याकडे आणि काही मुले तर चौथ्या पुरवठादाराच्या हजेरीपटावर. या गुंत्याला न्यायालयीन इतिहास आहे. मुंबईतील एअर इंडियाच्या इमारतींत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, ज्या कामात कंत्राटी पद्धत बंद केली आहे, तिथले कामगार मूळ मालकाचे कामगार ठरतात. तो आनंद पाच वर्षेही टिकला नाही. ऑगस्ट २००१ मध्ये पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निर्णय पुढच्या प्रकरणांसाठी फिरवला. कंत्राटी पद्धत बंद झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले. तेव्हापासून वाटाघाटीला समोर बसतो तो बहुधा कंत्राटदार, आणि त्याचे पहिले वाक्य असते, ‘माझे कंत्राटच दोन वर्षांचे आहे.’

अण्णांना आणखी एक गोष्ट नवी होती. कारखान्याचा तंटा राज्याच्या कामगार खात्याकडे जाई. विमानवाहतुकीचा तंटा मात्र केंद्राच्या कामगार आयुक्तांकडे जातो. संपाचा विषय निघाला तेव्हा पुणतांब्याचा मुलगा जरा ताठ बसला. २०१७ च्या शेतकरी संपाची हाक त्याच्या गावातून उठली होती, हे तो विसरलेला नव्हता. पण त्या वेळच्या कायद्यात विमानसेवा लोकोपयोगी सेवा मानलेली असल्याने चौदा दिवसांची नोटीस आणि समेटाच्या पायऱ्या टाळता येत नव्हत्या. अण्णा म्हणाले, ‘‘संप शेवटी. आधी कागद.’’

मग आम्ही कागदाला लागलो.

देशांतर्गत प्रवासाला सोबतच्या सामानाची सर्वसाधारण मर्यादा १५ किलो. एका विमानात दीडशे नग धरले तर सव्वादोन टन. आलेले उतरवायचे आणि जाणारे चढवायचे, म्हणजे साडेचार टन. आणि तेही पाऊण तासाच्या आत. चौघांची टोळी असेल तर माणशी अकराशे किलोंच्या वर. तिघांची केली तर दीड हजार. एका पाळीत अशी किती विमाने, हे वाचकांनीच मोजावे. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने, सर्व परिस्थिती अनुकूल असताना, एका माणसाने उचलण्याच्या वजनाची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. अनुकूल म्हणजे ओझे अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, अंग न वळवता. विमानाच्या पोटात यातले काहीच नसते. लहान विमानांत त्या जागेची उंची चार फुटांच्या आसपास. माणूस गुडघ्यांवर बसतो, बॅग अंगापासून दूर धरतो आणि कंबर पिळून मागच्या रांगेत ढकलतो. मणक्यांमधल्या चकतीला सर्वांत जास्त इजा याच हालचालीने होते. परदेशी प्रवासात बत्तीस किलोंपर्यंतचा नग येतो, तो वेगळाच.

मी मुलांना विचारले, कंबर किती जणांची दुखते? एकच हात वर आला. मग कोपरगावकडच्या एकाची पत्नी, जिला बाकीचे वहिनी म्हणत होते, ती चहा ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘मॅडम, सगळ्यांच्या पिशवीत मलम आहे. काढायला लावा.’’ पाच जणांच्या पिशवीतून मलमाची नळी निघाली. हसणे झाले, पण त्यामागची भीती खरी होती. दुखणे सांगितले की हलके काम मिळत नाही. हजेरीपटावरून नाव गळते. म्हणून मागणीपत्रात आम्ही पहिली ओळ पैशाची लिहिली नाही. लहान विमानाला चौघांखाली टोळी नको, ही पहिली ओळ. सामान वर नेणारा सरकता पट्टा नादुरुस्त असेल तर एक माणूस जादा, ही दुसरी.

कानाचे गणित मुलांना ठाऊक नव्हते. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम सुरक्षित धरले जाते. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. कानावर लावायचे मफ कंपनी देते, पण वॉकीटॉकी ऐकू येत नाही म्हणून मुले एक कान उघडा ठेवतात. घरी दूरदर्शनचा आवाज वाढवावा लागतो का, असे विचारल्यावर पुन्हा वहिनींनीच मान डोलावली. वर्षाला एकदा श्रवणचाचणी आणि तिचा अहवाल कामगाराच्या हाती, असे लिहिले. अहवाल हाती, हे मी मुद्दाम घातले. चाचणी होते आणि कागद कार्यालयात राहतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

रात्रपाळीवर मात्र बरीच खडाजंगी झाली. मुंबईची परदेशी विमाने मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत दाटीने असतात. रात्रपाळीला भत्ता आहे आणि लग्न ठरलेल्या मुलांना जास्तीत जास्त रात्री हव्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, रात्रपाळीच्या कामाचा समावेश कर्करोगाला बहुधा कारणीभूत असणाऱ्या गोष्टींत केला आहे. मी ते सांगितले, पण चोवीस वर्षांच्या मुलाला कर्करोगाने भीती वाटत नाही. त्याला झोपेचे सांगावे लागते. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढे सरकत बदलल्या तर शरीर त्या सहन करते. उलट सरकल्या तर नाही. दोन पाळ्यांत अकरा तासांचे अंतर हवे. मोठे जेवण कामावर जाण्याआधी घ्यावे, पहाटे तीनला वडापाव नको. सलग तीनच रात्री, असे मी सुचवले. मुलांनी पाच म्हटले. शेवटी मागणीपत्रात तीन लिहिले; वाटाघाटीत चार होतील हे गृहीत धरून. हा व्यवहार अण्णांचा. पाळीपद्धती बदलायची तर मालकाने एकवीस दिवस आधी लेखी सूचना द्यावी लागते, हे कलमही त्यांनीच आठवणीने घालायला लावले.

आणि मग पैसे. त्यांचे तेव्हाचे वेतन १९,४०० रुपये. मागणी चार हजार वाढीची. म्हणजे २३,४००, रेघेपलीकडे. एका मुलाच्या वडिलांना मधुमेह, इन्शुलिन ईएसआयच्या दवाखान्यातून येते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मला वाढ नको म्हणता येतं का?’’ कोणी हसले नाही.

हिशेब मांडला. १९,४०० वर मालकाची वर्गणी दरमहा सुमारे ६३० रुपये. कामगार रेघेबाहेर गेला की मालकाचे तेवढे वाचतात. निदान ते तरी गटविम्यात घालावेत, अशी मागणी रास्त होती. पण गटविमा बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामाला येतो. रोजचे इन्शुलिन, बाह्यरुग्ण तपासणी, आजारपणातले वेतन, यांपैकी काही त्यात बसत नाही. मी ते स्पष्ट सांगितले.

कंपनीकडून एक तोड आधीच सुचवली गेली होती. वेतन एकवीस हजारांच्या आत ठेवायचे आणि उरलेली रक्कम दर तीन महिन्यांनी हजेरी बक्षीस म्हणून द्यायची. दोन महिन्यांहून जास्त अंतराने दिलेली अशी रक्कम त्या वेळच्या कायद्यात ईएसआयच्या वेतनात धरली जात नव्हती, तेव्हा कायद्याने हे बसत होते. मुलांना तोड आवडली. मला तिच्यातला ‘हजेरी’ हा शब्द आवडला नाही. तीन महिन्यांत एकही खाडा नसेल तर बक्षीस, असा तिचा अर्थ. अशा बक्षिसापायी माणसे ताप अंगावर काढून कामावर जातात. अवघडलेल्या कमरेने बत्तीस किलो उचलतात आणि दोन दिवसांच्या विश्रांतीने बरे होणारे दुखणे सहा महिन्यांचे करून घरी येतात. असे तिघे माझ्या तपासणीच्या टेबलावर झोपलेले आहेत. अण्णांनी तोडगा काढला: रक्कम घ्यावी, पण कामाच्या दिवसांच्या प्रमाणात, आणि डॉक्टरांच्या दाखल्याची रजा हजेरीतच धरावी.

करार पुढच्या वर्षी, २०२५ च्या उन्हाळ्यात झाला. मूळ वेतन रेघेच्या आत राहिले, त्रैमासिक रक्कम मिळाली. दाखल्याची रजा वर्षाला बारा दिवसांपर्यंत हजेरीत धरायचे ठरले. चौघांची टोळी मान्य झाली. सरकत्या पट्ट्याची ओळ गेली. रात्री सलग चार. श्रवणचाचणी मान्य, अहवाल ‘मागणी केल्यास’. दोन ट्रॅक्टरचालकांचे वेतन आधीच बावीस हजारांवर होते; त्यांच्या आईवडिलांसाठी गटविमा मागितला होता, तो मिळाला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्या कामगाराची वर्षाला एकदा मोफत आरोग्यतपासणी त्यांत आहे. आमची मुले पंचविशीतली, त्यांच्या कमरेला तोवर पंधरा वर्षे आहेत. इन्शुलिन घेणाऱ्या वडिलांचे कार्ड मात्र चालू आहे. मागच्या महिन्यात वहिनींनी नवऱ्याच्या श्रवणचाचणीचा अहवाल मागणी करून घेतला आणि मला आणून दाखवला. डाव्या कानाची रेषा थोडी खाली आहे. त्याला कोणता कान उघडा ठेवतोस असे विचारले, तर डावाच म्हणाला. मफ आता दोन्ही कानांवर असावेत म्हणून वॉकीटॉकीला जोडलेला हेडसेट मिळावा, असा अर्ज त्यांनी युनियनकडे दिला आहे.