फुसक्या बाराचा दोष

ठासणीच्या बंदुकीचा बार फुसका गेला की दोष दारूचा, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत आलो. गावात कुणाची बंदूक वाजली नाही तर माझं उत्तर ठरलेलं असायचं: दारू पाणचट आहे, जोरकस आणा. आज मी तसं म्हणत नाही. दारूला नावं ठेवण्याआधी बाकीचं सगळं तपासा, असं सांगतो, आणि जोरकस दारूचं तर नावच काढू नका म्हणून हात जोडतो. आमच्याकडे काजू-आंब्याच्या दिवसांत हा विषय रोजचा असतो, म्हणून मत का बदललं ते सविस्तर लिहितो.

मालवणपासून दोडामार्गापर्यंत शेतकऱ्याची झोप रानानं घेतली आहे. माकडं शहाळी पाडतात, डुकरं भात लोळवतात, गवे वायंगणात उतरतात. 2002 पासून तिलारीच्या बाजूला हत्तीही आले. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे, आणि कोकणातल्या कित्येक घरांत असा परवाना बापजाद्यांपासून चालत आलेला आहे. पण हा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागू होतो. म्हणजे आपल्या बंदुकीचं खरं काम आवाज करणं. हे नीट डोक्यात घेतलं असतं, तरी जोरकस दारूचा हट्ट कधीच सुटला असता. आवाजासाठी काळ्या दारूइतकं चांगलं दुसरं काही नाही.

माझ्या मताला पहिला तडा गेला तो दुसऱ्या टोल्यामुळे. ठासलेला बार तोच, दारू तीच. पहिल्यांदा घोडा पडतो आणि केप नुसती टक् करते. घोडा पुन्हा चढवून सोडला की तोच बार सगळी वाडी जागी करतो. दारू पाणचट असती तर मधल्या वेळात ती सुधारली कशी? दोष निपलचा, म्हणजे केप जिच्यावर बसवतात त्या टोकाचा असतो. वर्षानुवर्षं घोड्याचे टोले खाऊन तिची कड ठेचते, पसरते, आणि केप तिच्यावर शेवटपर्यंत बसत नाही. पहिला टोला केप खाली दाबण्यातच खर्ची पडतो, दुसऱ्याला आतला मसाला पेटतो. परदेशात परवान्यानं रायफलची काडतुसं स्वतः भरणाऱ्यांचा अनुभव हुबेहूब असाच आहे. काडतुसाच्या बुडातली केप तळाला टेकली नसेल तर पहिला ठोका तिला आत ढकलतो आणि दुसऱ्याला गोळी सुटते. तिथलेही जाणते आधी केप कशी बसली ते बघतात, घोड्याची स्प्रिंग सैल पडली आहे का ते बघतात, आणि दारूकडे सगळ्यात शेवटी वळतात.

केप फुटते पण बार होत नाही, हा प्रकार निराळा. इथे आग दारूपर्यंत पोचतच नाही. काळी दारू जळली की तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग राख आणि क्षार होऊन मागे उरतो. हे क्षार हवेतली ओल ओढतात, लोखंड खातात. म्हणून नळी गरम पाण्यानं धुवायची, खडखडीत सुकवायची आणि तेलाचा हात फिरवायचा, हे सगळे करतात. त्यानंतर मात्र बंदूक तोंड वर करून कोपऱ्यात उभी केली जाते. पावसाळाभर ते तेल नळीतून हळूहळू खाली उतरतं आणि नेमकं बुडाशी, निपलच्या भोकात साचतं. दिवाळीला त्यावर कोरडी ठणठणीत दारू ठासली तरी बुडाची दारू तेलात भिजते. आमच्या शेजारचे आबा बंदूक तोंड खाली करून टांगायचे, तेव्हा मला ती त्यांची लहर वाटायची. दारूवरून माझी तक्रार सुरू झाली की ते म्हणायचे, "झिला, आधी नळी सुकी हा काय बघ, मगे दारूक नावां ठेव."

त्यांची तपासणी मी आता नेमानं करतो. गजावर एक खूण केलेली असते. गज नळीत सोडल्यावर खूण तोंडाशी आली म्हणजे नळी रिकामी. मग कोरड्या फडक्यानं आतून पुसायचं, निपलचं भोक बारीक तारेनं मोकळं करायचं, नुसती केप बसवायची आणि नळीचं तोंड जमिनीलगत गवताच्या एका पात्याजवळ धरून घोडा सोडायचा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. पातं स्तब्ध राहिलं तर आत तेल आहे, राख आहे किंवा गांधीलमाशीनं माती भरली आहे. एवढं केल्याशिवाय मी आता दारूचा डबा उघडत नाही.

दमटपणाची गोष्ट मात्र खरी, आणि तिच्यातूनच मला दारूपेक्षा तिच्या राखणीचं महत्त्व कळलं. दारूतला सोरा शुद्ध असला तर हवेतलं पाणी फारसं ओढत नाही, पण त्यात मिठाचा अंश राहिला की तो ओलावतो, आणि कोळसा तर ओल धरतोच. मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर 1664 ते 1667 या काळात शिवाजी महाराजांनी किल्ला बांधला. चारी बाजूंनी खारा वारा असताना तिथली दारू कोरडी कशी राखली असेल? रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715 च्या सुमाराच्या आज्ञापत्रात या कामाची रीत दिली आहे. दारूखाना राहत्या घरांपासून लांब असावा, तळघराला गच असावा, गचावर लाकडी माच आणि माचावर दारूची मडकी. सर्दी पोचू द्यायची नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं जातीनं येऊन माल बाहेर काढायचा, ऊन द्यायचं आणि पुन्हा मोहोर करून ठेवायचा. दारू जोरकस करा असं अमात्य कुठे सांगत नाहीत. ती बिघडूच नये याची तजवीज सांगतात.

हे वाचून कुणी घरात दारू वाळत घालू नये. ते पहाऱ्यातलं, सरकारी शिस्तीतलं काम होतं. शिवाय भिजलेली दारू वाळवून पहिल्यासारखी होत नाही. सोरा पाण्यात विरघळतो आणि सुकताना वेगळे खडे धरतो, दाण्यातलं मिश्रण फुटतं. आपण परवान्यावर, दुकानातून, लहान बंद डब्यात, लागेल तेवढीच घ्यावी. पावसाच्या दिवसात डबा उघडू नये आणि चुलीच्या खोलीत ठेवू नये.

आता जोरकस दारूबद्दल. 1884 साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू तयार केली आणि पुढे रायफली तिच्यासाठीच घडू लागल्या. ही दारू उघड्यावर अगदी गरीब दिसते, शांतपणे जळते, आणि माणूस तिथेच फसतो. बंद नळीत दाब चढेल तसा तिचा जळण्याचा वेग चढतो, वेगानं दाब आणखी चढतो. काळ्या दारूच्या मापानं ती भरली तर आजोबांच्या वेळची नळी फाटते, आणि फाटते ती डाव्या हाताजवळ किंवा डोळ्याजवळ. रायफलची काडतुसं भरणारेसुद्धा गोळीचं वजन आणि काडतुसाचं पोट पाहून, कारखान्याच्या छापील तक्त्यावरूनच दारू निवडतात, आणि तक्त्यातल्या कमी आकड्यापासून सुरुवात करतात. आपल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीसाठी असा तक्ता नाही, कारण तिला बिनधुराची दारू चालतच नाही.

परवानाधारकाला स्वतःची दारू नि काडतुसं घरी करू द्यावीत, असंही मी पूर्वी भांडून सांगायचो. कायदा ते विनापरवाना करू देत नाही, आणि आता मला कायद्याचं म्हणणं पटतं. ज्या घरात निपल कधी साफ झाली नाही, त्या घरात दारू कुटली जाऊ नये.

निवडणुकीत जमा केलेल्या बंदुका ठाण्यातून परत येतात, तेव्हा त्या बरेच दिवस हलवलेल्या नसतात. घरी आणल्याबरोबर कुणी बार ठासू नये. आधी गज, मग फडकं, मग गवताचं पातं. आणि एवढं करूनही बार झाला नाहीच, तर तोंड मोकळ्या रानाकडे धरून निदान दोन मिनिटं तसंच उभं राहावं. आत ठिणगी धुमसत असली तर बार उशिरानं होतो, आणि तोवर नळीत डोकावायला जवळ आलेल्या पोरांना मागे ठेवावं.