सुट्टीचा प्रवास आणि प्रवास विमा

मे महिन्याची सुट्टी आली की आपण सामानाची यादी करतो. विम्याचं नाव त्यात सहसा नसतं. "आपल्याला काय होतंय!" म्हणून आपण मोकळे होतो.

पालकहो, रेल्वेचं तिकीट ऑनलाइन काढताना विम्याचा पर्याय दिसतो. माणशी जेमतेम ४५ पैसे! रेल्वे अपघातात मृत्यू झाल्यास वारसाला १० लाख आणि जखमीला रुग्णालयाच्या खर्चासाठी २ लाख रुपयांपर्यंत मिळतात. मात्र मोबाईलवर येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव न विसरता भरा. हा विमा फक्त रेल्वे अपघातापुरता आहे. मुक्कामी ताप आला तर तो कामाचा नाही.

परदेशी जाताना मात्र वेगळा विमा हवाच. शेंगेन व्हिसासाठी तर किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे. अमेरिकेत सक्ती नाही, पण तिथला दवाखान्याचा खर्च आपल्या आवाक्याबाहेरचा.

माझ्या ओळखीच्या एक निवृत्त बाई मुलाकडे अमेरिकेला निघाल्या होत्या. "रक्तदाब लिहू नका, हप्ता कमी येईल," असं त्यांना कुणीतरी सुचवलं. मी म्हटलं, "बाई, लिहाच. लपवलेला आजार नेमका गरजेच्या वेळी दावा बुडवतो."

म्हणून हप्ता सर्वांत शेवटी बघा. आधी बघा : जुन्या आजाराचं काय, सुरुवातीची किती रक्कम आपल्याच खिशातून जाणार, मदतीचा फोन चोवीस तास चालतो का. आणि पॉलिसीची एक प्रत घरी ठेवून जा!